थेट श्रुतिका बसवताना: आवाज, ध्वनिपरिणाम आणि संगीत

थेट प्रक्षेपित होणाऱ्या श्रुतिकेत, म्हणजे केवळ ऐकण्यासाठीच्या नाटकात, संवाद, दाराची कडी, पाऊस आणि बासरी हे सारे एकाच खोलीत, एकाच वेळी आणि एकदाच घडते. ध्वनिमुद्रित श्रुतिकेतील चूक नंतर कापता येते, दोन ध्वनी वेगवेगळे मुद्रित करून सावकाश एकमेकांवर बसवता येतात. थेट सादरीकरणात ही सोय नसल्यामुळे सर्व निर्णय तालमीतच घ्यावे लागतात. मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी नभोवाणी केंद्र सुरू झाले, त्यानंतर चुंबकीय फीत स्टुडिओत रुळेपर्यंत नाटके प्रामुख्याने अशीच सादर होत असत. आज एखाद्या महाविद्यालयाच्या नाट्यगटाला, सामुदायिक रेडिओ केंद्राला किंवा परदेशातील महाराष्ट्र मंडळाला दोन-तीन माइक, एक लहान मिक्सर (अनेक माइकचे आवाज एकत्र करणारे यंत्र) आणि इंटरनेटची जोडणी यांच्या बळावर हे काम पुन्हा हाती घेता येते, आणि ते घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

या कामात सर्वांत आधी शिकायचे ते अंतर. श्रोत्याला दिसत काहीच नाही. कोण जवळ आहे, कोण दाराशी आहे आणि कोण अंगणात आहे, हे तो केवळ कानाने ओळखतो. ध्वनिपरिणामांची संख्या वाढवल्याने जागा उभी राहत नाही. प्रत्येक आवाज माइकपासून योग्य अंतरावर ठेवल्याने ती उभी राहते. पुढील सर्व सूचना या एका गोष्टीभोवती आहेत. समजण्यासाठी एकच कल्पित प्रसंग घेऊ: खाडीकाठचे कोकणी घर, श्रावणातली रात्र, कौलांवर पाऊस, आत आजी आणि नातसून सुमन, पलीकडच्या तीरावरून होडीने येणाऱ्या नातवाची वाट पाहत आहेत, दारावर थाप पडते आणि आलेला माणूस दुसराच असतो.

संहिता

बीबीसीने १५ जानेवारी १९२४ रोजी खास नभोवाणीसाठी लिहिलेले एक नाटक सादर केले, ते दिवे गेलेल्या कोळशाच्या खाणीत घडते. तिथे पात्रांनाही श्रोत्याइतकेच कमी दिसते, म्हणून त्यांचे बोलणे आणि कान टवकारणे ओढूनताणून आणलेले वाटत नाही. आपल्या प्रसंगातली पावसाळी रात्र याच कारणासाठी निवडली आहे. पहिली श्रुतिका बसवताना असा प्रसंग घ्यावा की ज्यात ऐकणे हीच पात्रांची गरज आहे.

ध्वनी आणि संवाद यांनी एकमेकांचे काम करू नये, तर एकमेकांना आधार द्यावा. पावसाचा आवाज एकटा ऐकला तर तो कढईतल्या तळणासारखाही वाटू शकतो. म्हणून पहिल्या दोन-तीन वाक्यांतच आजीने म्हणावे, ‘सुमन, ते पातेलं जरा इकडं सरकव, कौलं पुन्हा गळायला लागली.’ या एका वाक्यात सुमनचे नाव कळते, पावसाची ओळख पटते, घराची अवस्था समजते आणि पातेल्यात पडणाऱ्या थेंबाला जागा मिळते. याउलट, थाप स्पष्ट ऐकू आल्यावर ‘आजी, दारावर थाप पडली’ हे वाक्य निरुपयोगी आहे. सुमनने केवळ ‘आले असतील का हो, आजी?’ एवढेच विचारावे.

दृश्यात असलेले परंतु बोलत नसलेले पात्र श्रोत्याच्या लेखी काही क्षणांतच नाहीसे होते. रंगभूमीवर कोपऱ्यात बसलेली आजी दिसत राहते; श्रुतिकेत तिने मध्येच हुंकार द्यावा, खोकावे किंवा जपमाळ ओढावी, नाहीतर ती उठून गेली असेच श्रोता धरून चालेल. एका दृश्यात चार-पाचांहून अधिक बोलणारी पात्रे ठेवू नयेत, आणि एकमेकांची नावे पहिल्या अर्ध्या मिनिटात सहजपणे येतील अशी काळजी घ्यावी.

संहितेची प्रत कागदाच्या एकाच बाजूला, मोठ्या अक्षरात आणि दोन ओळींत भरपूर अंतर सोडून छापावी. प्रत्येक संवादाला क्रमांक असावा. ध्वनी आणि संगीत यांच्या सूचना अधोरेखित करून त्यांना स्वतंत्र क्रमांक द्यावेत, म्हणजे तालमीत ‘पान ७, ध्वनी ३’ एवढे म्हटले की सर्वांना एकच जागा सापडते. एक संवाद दोन पानांवर तोडू नये. प्रती पिनेने टाचू नयेत. पान उलटण्याऐवजी हलकेच बाजूला सरकवावे. कागद जाडसर असला म्हणजे सळसळ कमी होते. टॅबलेट वापरायचा असल्यास पडदा आपोआप बंद होण्याची सोय काढून टाकावी आणि इंटरनेट बंद ठेवावे.

माइक आणि नट

आवाजासाठी नट निवडताना डोळे मिटून निवड करावी. उत्तम परंतु एकसारखे दोन आवाज एकाच दृश्यात आले की श्रोता गोंधळतो. म्हणून वय, पट्टी, पोत आणि बोलण्याची गती यांत फरक असलेले नट घ्यावेत. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरील ‘पुन्हा प्रपंच’ या मालिकेत प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर या तिघांच्या आवाजांची संगत अशीच होती. प्रत्येकाचा पोत निराळा असल्याने घरातली कोणती व्यक्ती बोलते आहे, हे सांगावे लागत नसे. बोलीभाषा मात्र ज्याची जन्मजात आहे त्यालाच बोलू द्यावी. नकलेने बोललेली मालवणी तळकोकणातल्या श्रोत्याला पहिल्या वाक्यात ओळखू येते, आणि मग तो गोष्टीपेक्षा उच्चारच ऐकत बसतो.

नटांसाठी शक्यतो एकच मुख्य माइक ठेवावा आणि सर्वांनी उभे राहून त्याभोवती काम करावे. आठच्या आकड्यासारखे क्षेत्र असलेला माइक मिळाल्यास फारच चांगले: तो पुढून आणि मागून सारखेच ऐकतो, त्यामुळे दोन नट समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या डोळ्यांत पाहत बोलू शकतात, त्याच्या दोन्ही बगलांना मात्र तो जवळजवळ बहिरा असतो, आणि त्या बाजूने चालत येऊन पुढच्या क्षेत्रात शिरले की माणूस दुरून येत असल्याचा भास होतो. एकाच बाजूने ऐकणारा नेहमीचा माइक असेल तर नटांनी त्याच्यापुढे अर्धवर्तुळात उभे राहावे.

साध्या संभाषणासाठी तोंड आणि माइक यांत एक वीत ते एक हात अंतर ठेवावे. कुजबुज किंवा मनातले बोलणे असेल तेव्हा चार बोटांवर यावे आणि आवाज त्याच प्रमाणात खाली आणावा. एवढ्या जवळून बोलल्यावर बहुतेक माइक खर्जाचे स्वर फुगवतात. त्या ऊबदारपणामुळे पात्र श्रोत्याच्या अगदी कानाशी बोलल्यासारखे वाटते, म्हणून तो परिणाम एखाद-दुसऱ्या प्रसंगासाठीच राखून ठेवावा. ओरडायचे असल्यास दोन पावले मागे जाऊन तोंड थोडे वळवावे. ऊर्जा कमी करू नये. मराठीत फ, भ, ख, ठ, थ असे महाप्राण पुष्कळ आहेत आणि ‘फटकन’, ‘भडकला’, ‘थांब’ अशा शब्दांवर हवेचा झोत थेट माइकवर आदळतो. यावर उपाय म्हणजे माइकच्या समोरून न बोलता त्याच्या कडेवरून, किंचित तिरपे बोलणे.

मिक्सरचा फेडर, म्हणजे आवाजाची पातळी कमी-जास्त करणारी सरकपट्टी, खाली ओढल्याने माणूस दूर गेल्यासारखा का वाटत नाही, हे नीट समजून घेण्याजोगे आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की तोंडातून थेट येणाऱ्या ध्वनीची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. परंतु भिंतींवरून परतणारा घुमारा जवळपास तेवढाच राहतो. थेट ध्वनी आणि घुमारा यांचे हे बदललेले प्रमाण कान ‘दूर’ असे वाचतो. फेडरने दोन्ही सारखेच खाली येतात, म्हणून जवळचाच माणूस हळू बोलल्यासारखा वाटतो. तेव्हा आपल्या प्रसंगात सुमन दार उघडायला गेली की नटीने खरोखर सात-आठ फूट मागे जावे, पाठ वळवून ‘कोण आहे?’ असे विचारावे आणि परत बोलत बोलतच यावे. या जागा जमिनीवर चिकटपट्टीने आखून ठेवाव्यात.

यालाच जोडून खोलीचा विचार येतो. घराबाहेरच्या दृश्यात घुमारा नसतो. म्हणून नटांच्या मागे आणि बाजूंना दोऱ्यांवर जाड गोधड्या किंवा रजया टांगाव्यात. घरातल्या दृश्यासाठी त्या बाजूला साराव्यात. विहिरीतून किंवा तळघरातून येणारा आवाज हवा असेल तर नटाला मोठ्या रांजणाच्या तोंडाशी बोलायला लावावे आणि माइकही तिथेच न्यावा. कोणत्याही यंत्रापेक्षा हा उपाय खात्रीचा वाटतो, कारण प्रक्षेपणाच्या वेळी त्याचे बटण दाबायचे राहून जात नाही. टेलिफोनवरच्या आवाजासाठी मात्र मिक्सरवरच ३०० हर्ट्‌झच्या खालचे आणि सुमारे ३४०० हर्ट्‌झच्या वरचे स्वर कापावेत.

अभिनय पूर्ण शरीराने करावा. पात्र ओझे उचलत असेल तर नटाने काहीतरी जड खरेच उचलावे, धावत आले असेल तर बोलण्याआधी जागच्या जागी उड्या माराव्यात. श्वासाचे नाटक करता येत नाही. हातातल्या बांगड्या, खिशातली नाणी, कडक इस्त्रीचे कपडे आणि सळसळणारी साडी यांना स्टुडिओत मज्जाव असावा. बाजार किंवा सभा उभी करायची असेल तर पाच-सहा जणांनी माइकपासून दूर, वेगवेगळ्या दिशांना तोंड करून खरी, अर्थपूर्ण वाक्ये बोलावीत. नुसत्या गलबल्यातून गर्दी उभी राहत नाही.

ध्वनिपरिणाम

ध्वनिसाहाय्यकासाठी स्वतंत्र माइक, स्वतंत्र टेबल आणि शक्य असल्यास हेडफोन हवेत. त्याला नट स्पष्ट दिसले पाहिजेत, कारण दार लोटण्याची क्रिया त्याच्या हातात असली तरी ती सुमनच्या श्वासाशी जुळावी लागते. हा माणूसही नटच आहे आणि त्याला पहिल्या वाचनापासून तालमीत घ्यावे. शेवटच्या दिवशी एखाद्या रिकाम्या कार्यकर्त्याच्या हातात करवंट्या देणे हा श्रुतिकेवर अन्याय आहे.

ध्वनीची साधने बहुधा घरातच सापडतात. सुपात तांदूळ किंवा मसूर घेऊन सूप संथपणे तिरपे केले की किनाऱ्यावर लाट येऊन परततानाचा आवाज मिळतो. तेच दाणे कौलाच्या तुकड्यावर बारीक धारेने सोडले की पाऊस होतो, आणि कौलाऐवजी पत्र्याचा डबा घेतला की ते घर वेगळे होते. चुरचुरणारा पारदर्शक कागद माइकपासून चार-पाच बोटांवर हलकेच चुरगळला की चूल पेटते. नारळाच्या दोन करवंट्या माती भरलेल्या ताटात आपटून घोडा चालवता येतो. मात्र घोड्याची साधी चाल चार ठोक्यांची आणि दुडकी दोन ठोक्यांची असते, हे पाळले नाही तर जाणकार श्रोता हसतो. चामड्याच्या हातमोज्यांची जोडी फडफडवली की पक्षी उडतो. होडीसाठी पाण्याने भरलेल्या घमेल्यात फळी संथ लयीत बुडवावी आणि लाकडी खुर्चीचा कुरकुरणारा सांधा त्याच लयीत हलवावा. गडगडाटासाठी सुमारे ३ फूट रुंद आणि ६ फूट लांब पातळ पत्रा वरून टांगून खालच्या कडेला धरून हलवतात. तो माइकपासून बराच दूर असावा, नाहीतर पत्राच ऐकू येतो. वाऱ्यासाठी जुने नाट्ययंत्र आजही चालते: पट्ट्यांच्या लाकडी पिंपावर जाड कापड ताणून दांडा फिरवायचा, दांड्याची गती वाढली की वाऱ्याचा स्वर चढतो.

दार खरेच असावे. दोन-अडीच फूट उंचीची चौकट, तिच्यात बिजागरीचे फळकूट, कडी आणि कोयंडा एवढे सुताराकडून करून घेतले की ते पुढच्या प्रत्येक श्रुतिकेत उपयोगी पडते. दार उघडणे ही एक क्रिया नसून कडी निघणे, फळी सुटणे, बिजागरी कुरकुरणे आणि बाहेरचा पाऊस एकदम मोठा होणे अशा चार गोष्टी आहेत. चौथी गोष्ट बहुतेक वेळा विसरली जाते, आणि तिच्यामुळेच श्रोत्याला उंबरठा जाणवतो. आपल्या प्रसंगात दार उघडताच पावसाचा फेडर वर न्यावा, अनोळखी माणूस आत आल्यावर दार बंद होताना तो खाली आणावा. इथे फेडर चालतो, कारण मधला अडथळाच नाहीसा झालेला असतो.

सतत चालणारे ध्वनी, म्हणजे पाऊस, रातकिडे, आगगाडी, हे मुद्रित स्वरूपात लॅपटॉपवरून वाजवायला हरकत नाही. माणसाच्या हाताने घडणारी प्रत्येक गोष्ट मात्र प्रत्यक्ष करावी, असा नियम मी सुचवीन. सुमन पाण्याचा तांब्या कोणत्या मनःस्थितीत खाली ठेवते, हे संचिकेतला आवाज सांगू शकत नाही. मुद्रित पाऊस दृश्याच्या आरंभी थोडा मोठा असावा आणि संवाद सुरू झाल्यावर हळूहळू असा उतरवावा की तो कमी झाल्याचे कोणाच्या ध्यानात येऊ नये. महत्त्वाच्या वाक्याआधी तो पूर्ण थांबवण्याचा मोह टाळावा. पाऊस कथेच्या सोयीने थांबू लागला की विश्वास उडतो. बंदुकीच्या बारासाठी खरे हत्यार किंवा फटाका कधीही वापरू नये. चामड्याच्या गादीवर लाकडी पट्टी जोराने मारली तरी काम होते.

संगीत

श्रुतिकेत संगीताची कामे मोजकी आहेत: आरंभी वातावरण सांगणे, दृश्ये जोडणे, क्वचित संवादाखाली राहणे आणि शेवटी निरोप देणे. दोन दृश्यांमधला तुकडा पाच ते आठ सेकंदांचा पुरतो. त्याचा पूर्वार्ध संपलेल्या दृश्याच्या भावनेचा आणि उत्तरार्ध येणाऱ्या दृश्याच्या काळवेळेचा असावा. रागसमयाची जाण असलेल्या श्रोत्यांसाठी ललताचे किंवा भैरवाचे चार स्वर पहाट सांगतात, मारव्याने दिवस मावळतो, मालकंसाने रात्र गडद होते. ज्याला रागाचे नाव माहीत नाही त्यालाही फरक पोहोचतो.

एक किंवा दोन वादकच घ्यावेत. बासरी, सारंगी किंवा एकतारी यांपैकी एक आणि एखादे तालवाद्य एवढ्यावर अर्ध्या तासाची श्रुतिका आरामात उभी राहते. संवादाखाली वाजवायचे असेल तर नटाच्या आवाजाच्या पट्टीत वाजवू नये: पुरुषाच्या खर्जाखाली सारंगी मंद्रात गेली की शब्द बुडतात, तिथे बासरीचे वरचे स्वर चालतात. शब्दांची गाणी संवादाखाली कधीच ठेवू नयेत. संबळ, तुणतुणे किंवा सनई यांचे सामाजिक अर्थ श्रोत्याच्या मनात पक्के आहेत. गोंधळ, तमाशा वा लग्नघर सूचित करायचे नसेल तर ती वाद्ये टाळावीत. लोकप्रिय चित्रपटगीताचा तुकडा घेतला तर हक्कांचा प्रश्न येतो आणि श्रोता त्या चित्रपटात निघून जातो. त्यापेक्षा वादकाने बांधलेली स्वतःची चार ओळींची धून बरी.

अनोळखी माणूस ‘तुमचा नातू माझ्याबरोबरच निघाला होता’ असे म्हणतो, त्यानंतर मी संगीत ठेवणार नाही. पातेल्यात पडणारा थेंब तीनदा ऐकू येऊ द्यावा आणि मग आजीने बोलावे. थेट प्रक्षेपणात शांततेची भीती वाटते, म्हणून ती संहितेत सेकंदांसह लिहून ठेवावी.

तालीम, वेळ आणि प्रक्षेपण

पहिली वाचने टेबलाभोवती, नंतरच्या तालमी माइकवर, आणि किमान दोन तालमी न थांबता सलग कराव्यात. सलग तालमीत निर्मात्याने नटांकडे पाठ करून स्पीकरवर ऐकावे. पाहत राहिले की न पोहोचलेली गोष्टही पोहोचल्यासारखी वाटते. एकदा साध्या मोबाइलच्या स्पीकरवरही ऐकावे. पुष्कळ श्रोते तसेच ऐकणार आहेत आणि खर्जातला गडगडाट तिथे बहुधा उरतच नाही.

वेळेसाठी प्रत्येक पानाच्या तळाशी त्या जागेपर्यंत लागलेली मिनिटे-सेकंदे लिहावीत. शेवटच्या काही पानांत, गरज पडल्यास गाळता येतील अशा ओळी आधीच चौकटीत आखाव्यात. अखेरचे संगीत मुद्रित असेल तर ते प्रक्षेपण संपण्याच्या क्षणापासून मागे मोजून, फेडर बंद ठेवून सुरू करावे. दोन मिनिटांची धून प्रक्षेपण संपण्याच्या बरोबर दोन मिनिटे आधी सुरू केली आणि नाटक संपताच फेडर उघडला, तर ती अचूक वेळेवरच संपते. प्रक्षेपण सुरू असताना बोलता येत नाही, म्हणून खुणा ठरवून घ्याव्यात: बोट रोखले म्हणजे सुरू करा, दोन्ही हात एकमेकांपासून दूर ओढले म्हणजे सावकाश, बोट गोल फिरवले म्हणजे गती वाढवा, गळ्यावरून हात फिरवला म्हणजे थांबा.

चुका होतील हे धरूनच तयारी असावी. दाराची कडी अडकली तर जवळच्या नटाने टेबलावर बोटांनी थाप द्यावी. लॅपटॉप बंद पडला तर सूप आणि तांदूळ हाताशी असावेत. कोणी ओळ विसरले तर पुढच्याने त्याच पात्राला नावाने हाक मारून प्रश्न विचारावा. कोणीही माफी मागू नये आणि मागे जाऊ नये. इंटरनेटवरून प्रक्षेपण असेल तर ते श्रोत्यापर्यंत काही सेकंद उशिरा पोहोचते, म्हणून स्टुडिओतल्या कोणीही ते आपल्या फोनवर लावू नये. निर्मात्याने मिक्सरवरूनच ऐकावे आणि प्रवाह नीट जातो आहे की नाही, हे पाहण्यासाठी दुसऱ्या खोलीत एक माणूस बसवावा. सभागृहात प्रेक्षकांसमोर प्रयोग असेल तर स्पीकर माइक ज्या बाजूने ऐकत नाही त्या बाजूला ठेवावेत, हशा पूर्ण ओसरण्याच्या थोडे आधीच पुढचे वाक्य उचलावे, आणि श्रेयनामावलीसाठी चाळीसएक सेकंद राखून ठेवून तिच्यात ध्वनिसाहाय्यक आणि वादक यांची नावे नटांच्या बरोबरीने घ्यावीत.